बदली

सांगलीला येणाऱ्या तासगाव गाडीत सापडली पहिली.
कवलापूरला इंदाक्का चढली,
दिवसभर वखारीत हळकुंडं निवडणारी,
तिच्या हातची नोट न् नोट पिवळी.
म्हणाली, ही तेवढी घे बाबा,
किराणावाला घेईना, नंबरात फुली हाय म्हणतोय.

दहाची होती. खिडकीशी धरली.
दोन-तीन अक्षरं, मग एक चांदणी, मग सहा आकडे.

डेपोत पैसे भरायच्या खिडकीमागे महिंद गुरव.
तो म्हणाला, छापताना शंभरात एखादी नासते,
शाई फुटते, कड तिरकी जाते.
ती काढून टाकतात, तिच्या जागी ही.
किंमत तीच, दहा म्हणजे दहाच.
फक्त तिचा नंबर हिला मिळत नाही,
म्हणून चांदणी.

मी हसलो.
माझ्या बिल्ल्यावर चांदणीसुद्धा नव्हती.

सात वर्षं बदली कंडक्टर.
पहाटे चारला डेपोतल्या बाकावर बसायचं,
कुणाला ताप, कुणाच्या घरी मयत,
त्याची वाट बघत.
देवा, कुणाला तरी आजारी पाड
असं म्हणालो नाही कधी.
बसायचो मात्र त्यासाठीच.

मग नादच लागला.
थैलीत चांदणी दिसली की
माझी दहाची आत, तिची दहाची वरच्या खिशात.
एकदा बुधगावला खोतसाहेब चढले तपासणीला.
थैली सीटवर ओतली, वेबिल मांडीवर.
पैशाला पैसा जुळला.
मग बोट खिशाकडे : हे काय?
साहेब, माझे तीस आत आहेत.
मग ह्यात तुझा फायदा काय?
काय सांगणार. चांदणी दाखवली.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
स्वतःचं पाकीट काढलं,
आणि माधवनगर गेलं तरी
एकेक नोट उलटून बघत होते.

मिरजेत, सतारी जिथं बनतात त्या गल्लीत,
वरच्या माळ्यावर शौकत मुजावर.
नोट चिमट्यानं धरतो, जणू तिला भाजलंय.
घडी आहे, म्हणाला. डाग आहे. वास येतोय हळदीचा.
कोरी आण, हात न लागलेली, मग बोलू.
कंडक्टरला कोण देतं हात न लागलेली नोट!

त्यानं आपलं बंडल दाखवलं, कोरं, शंभराचं,
मधेच एक चांदणीची.
ह्या नव्व्याण्णवांना कोण विचारतंय, म्हणाला,
ह्या एकीसाठी पुण्याहून फोन येतात.
आणि जी नासली ती?
तिची भुकटी झाली.
पण नंबर कळतो तिचा. मोज.
मी मोजत गेलो. बत्तीस. मग चांदणी. मग चौतीस.
परत मागं येऊन मोजलं.

कवठेमहांकाळच्या मुक्कामी गाडीवर
अकरा महिने होतो मी, बाळगोंडा पाटलांच्या जागी.
परत आले तेव्हा गळ्यावर टाक्यांची खूण,
आवाज बसलेला.
त्यांनी टिकीट म्हणून ओरडून बघितलं, नुसती हवा आली.
मग चावीनं दांडा वाजवला, टक टक,
आणि मागच्या सीटवरच्या बाया उठून बसल्या :
आला गं आपला कंडक्टर!
थैली त्यांच्या हातात दिली.
उतरताना ऐकलं,
मग ह्यो कोण हुता?

आता कायम आहे. बिल्ला नवा, नंबर माझाच.
लोक मोबाईल पुढं करतात, नोटा कमीच येतात हाताला.
पोरीच्या जुन्या वहीत एक्केचाळीस जमल्यात,
प्लास्टिकच्या पिशवीत एकेक.
शौकत म्हणतो, सगळ्यांचं मिळून
एका सतारीची तारही येणार नाही.

इंदाक्काची वेगळी ठेवली होती,
हळद बाकीच्यांना लागू नये म्हणून.
काल वही उघडली.
लागलीय.